कीव येणं आणि कीव करत बसणं, फरक कसा ओळखायचा

मागच्या आठवड्यात अकरावीच्या वर्गात एका उताऱ्यात सेल्फ-पिटी हा शब्द आला. म्हणलं सांगा बरं मराठीत काय होईल. एक पोरगं म्हणलं स्वाभिमान, कारण सेल्फ-रिस्पेक्ट त्याला माहीत होता आणि सेल्फ लागलं की काहीतरी चांगलंच असणार असं त्याला वाटलं. एक पोरगी म्हणली स्वतःवर दया. मागच्या बाकावरून एकजण हळूच म्हणला, "मॅडम, रडगाणं." वर्ग हसला, पण मला वाटलं हाच सगळ्यात जवळ गेलाय. जवळ, पण पूर्ण बरोबर नाही. घरी आले तरी तो शब्द डोक्यातून जाईना. हा शब्द नीट नाही कळला तर दोन्हीकडून नुकसान होतं, ज्याला खरंच दुःख आहे त्याला आपण "रडू नको" म्हणून गप्प करतो आणि जो वर्षानुवर्षं एकाच जागी रुतलाय (कधीकधी तो माणूस आपणच असतो) त्याला बिचारा बिचारा करून तिथंच ठेवतो. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधी अर्थ बघू. पिटी म्हणजे कीव, सेल्फ-पिटी म्हणजे स्वतःची स्वतःला येणारी कीव. पुस्तकी मराठीत आत्मदया, आत्मकरुणा असे शब्द दिसतील पण बोलताना कुणी वापरत नाही, आणि मला विचाराल तर ते शब्द फार गोड पडतात, आत्मकरुणा म्हणलं की साधनेतलं काहीतरी वाटतं. कीव हाच शब्द बरोबर, कारण कीव वरून खाली येते. अनुकंपा तशी नाही, संस्कृतात अनुकंपा म्हणजे दुसऱ्याबरोबर आपणही थरथरणं, आपल्याकडं तो शब्द "बापाच्या जागी अनुकंपावर लागला" एवढ्यापुरता उरलाय ते सोडा. कीव करणारा मात्र कायम उंचावर उभा असतो, म्हणून तर भांडणात "मला तुझी कीव येते" म्हणलं की समोरच्याच्या तोंडात मारल्यासारखं होतं. आता तीच कीव माणूस स्वतःची करायला लागला की त्याचे दोन भाग होतात, एक बिचारा होऊन खाली बसतो आणि दुसरा त्याच्याकडं बघून चुकचुकत राहतो.

आता मराठीत वापरायचा कसा. ही तीन वाक्यं बघा. मला स्वतःची कीव आली. मी स्वतःची कीव केली. मी स्वतःची कीव करत बसले. पहिल्या वाक्यात कीव येते, जसा ताप येतो, रडू येतं, झोप येते. त्यात कुणाचा दोष नाही, कुणालाही येईल. दुसऱ्यात मी ती करतेय, माझा हात लागला. आणि तिसऱ्यात ते "बसले" आहे ना, सगळा निकाल त्या एका क्रियापदात आहे. रडत बसला, कुढत बसला, मोबाईल बघत बसला, आपली भाषा "बसणं" जोडते तेव्हा ती सांगत असते की वेळ चाललाय आणि काही होत नाहीये. इंग्रजीत हा फरक एका सेल्फ-पिटीत कोंबलाय आणि तिथं तो शब्द जवळजवळ नेहमी टीका म्हणूनच येतो, म्हणून भाषांतर करताना "ही वॉज फुल ऑफ सेल्फ-पिटी" याचं "त्याला स्वतःवर दया आली" करू नका, "तो स्वतःचीच कीव करत बसला होता" असं करा. परीक्षेपुरतं एवढं लक्षात ठेवा की हे नाम मोजता येत नाही, त्याच्याआधी ए लागत नाही आणि त्याचं अनेकवचन होत नाही.

इंग्रजीत त्याच्याबरोबर एक क्रियापद फार येतं, वॉलो, वॉलो इन सेल्फ-पिटी. वॉलो म्हणजे म्हशीनं चिखलात लोळणं. हे सांगितलं की गावाकडून आलेल्या पोरांना शब्द एका झटक्यात कळतो, उन्हाळ्यात म्हैस डबक्यात शिरली की कशी बाहेर यायला तयार नसते ते त्यांनी बघितलेलं असतं. तिला तिथं बरं वाटतं. हीच गोष्ट कुणी सांगत नाही, स्वतःची कीव करण्यात बरं वाटतं. थंड वाटतं. काही करावं लागत नाही, कुणाला उत्तर द्यावं लागत नाही आणि चूक आपली नव्हती हे दर दहा मिनिटांनी स्वतःला पटवता येतं. त्याच्यामुळंच सुटायला इतकं अवघड जातं.

मी हे वरवरचं बोलत नाहीये. मी लातूरला तासिका तत्त्वावर शिकवते, सेट म्हणजे प्राध्यापक व्हायची पात्रता परीक्षा पास झालेली आहे, सात वर्षं झाली, दर जूनला ऑर्डर येईल का नाही याची वाट बघायची, सुट्ट्यांचे पैसे नाहीत. मधी एका संस्थेत कायम जागेच्या इंटरव्ह्यूला गेले होते. बाहेर बाकावर बसलेल्या सगळ्यांना आधीच माहीत होतं कोण लागणार आहे, आणि तोच लागला. त्याच्यानंतरची दोन वर्षं मी ती गोष्ट सांगत होते. बहिणीला, मैत्रिणीला, ऑटोवाल्या काकांना, लग्नात भेटलेल्या नात्यातल्या कुणालाही. एकदा चुलीपुढं बसून मायला सांगायला लागले तर तिनं भाकरी उलथली आणि म्हणली, "बाई, हे तू दिवाळीला बी सांगितलीस, संक्रांतीला बी सांगितलीस. शब्दन् शब्द तेच. तुझं पाठ झालंय की."

मला फार राग आला होता तिचा. पण खरंच पाठ झालं होतं. कुठं थांबायचं, कुठं आवाज उतरवायचा, कुठं समोरचा "अरेरे" म्हणणार, सगळं ठरलेलं. तर ओळखायची पहिली खूण ही घ्या. दुःख सांगताना माणूस अडखळतो, त्याला शब्द सापडत नाहीत, आज एक आठवतं उद्या दुसरं. किवेची गोष्ट गुळगुळीत असते. आपली कुठली गोष्ट पाठ झालीय ते घरच्यांना विचारा, ते लगेच सांगतील.

दुसरी खूण मला भाषा शिकवताना सापडली आणि माझा तिच्यावर सगळ्यात जास्त भरवसा आहे. आपल्या मराठीतला "च". मलाच डावललं. माझ्याच नशिबी हे. नेहमी असंच होतं. कुणालाच पडलेली नाही. स्वतःची कीव करणाऱ्याचं बोलणं च शिवाय उभंच राहत नाही, एक दिवस स्वतःचं बोलणं ऐकून बघा. मग ते च काढा आणि वाक्य परत म्हणा. "मलाच डावललं" मधून च गेला की उरतं "मला डावललं", आणि हे वाक्य एकदम वेगळं आहे, याला पुढं प्रश्न विचारता येतात, कुणी, कधी, कोणत्या कागदावर. "माझ्याच नशिबी" मधून च काढला तर उरतं माझ्या वाट्याला हे आलं, म्हणजे दुसऱ्याच्या वाट्याला दुसरं काही आलं असेल हे दार उघडं राहतं. क्रिस्टिन नेफ म्हणून अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी २००३ मध्ये स्वतःशी मायेनं वागण्याचे तीन भाग सांगितले, एक म्हणजे स्वतःशी प्रेमानं बोलणं, दुसरं म्हणजे हे दुःख माणसाच्या जातीलाच असतं हे ओळखणं, आणि तिसरं म्हणजे जे वाटतंय ते न वाढवता न दाबता बघणं. त्यातला दुसरा भाग म्हणजे माझ्या मते हा च काढणंच आहे. माया आणि कीव यातला फरकही तिथंच, माया म्हणते तू दमलीस, जरा टेक, मग बघू, आणि कीव म्हणते तू बिचारी, तुझ्याने आता काय होणार.

पण आता सेल्फ-पिटी काय नाही ते सांगते, इथं लोक फार चुकतात. माझी मावशी औसा तालुक्यातली, किल्लारीच्या बाजूच्या गावात दिलेली. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जन करून लोक झोपले होते आणि पहाटे चारच्या आत भूकंप झाला. तिनं त्यात सासू आणि एक लेक गमावली. अजून दरवर्षी अनंत चतुर्दशीला ती जेवत नाही, रात्री घरात झोपत नाही, अंगणात खाट टाकते आणि रडते. इतकी वर्षं झाली तरी. कुणीतरी शहाण्यासारखं म्हणलं होतं की मावशी स्वतःची कीव करायली. अजिबात नाही. मावशी रडते ती लेकीसाठी, तिच्या रडण्यात मधोमध ती स्वतः नाहीये. आणि सकाळी उठून ती म्हैस धुते. वर्षं मोजून कुणाचं रडणं जास्त झालं हे ठरवायचा हक्क आपल्याला नाही, रडणारा कुणाकडं बघून रडतोय तेवढं बघायचं.

तक्रार म्हणजेही सेल्फ-पिटी नाही, आणि हे मला मराठवाड्यातल्या माणसांना ठासून सांगायचंय. आपल्याला दोन्ही एकत्र करायची सवय लागलीय. एसटी स्टँडवर बस दोन तास लेट झाली की "मराठवाडा हाय बाबा, हितं असंच" म्हणून माणूस परत बाकड्यावर बसतो, ही झाली कीव. आणि १९८३ मध्ये सरकारनं अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांची समिती नेमली, त्यांनी १९८४ च्या अहवालात रस्ते, सिंचन, शाळा, वीज असं एकेक क्षेत्र घेऊन कोणता जिल्हा राज्याच्या सरासरीच्या किती मागं आहे ते आकड्यात मांडलं, ज्याला आपण अनुशेष म्हणतो, ते झालं गाऱ्हाणं. मागासपण तेच, पण एकात उसासा आणि दुसऱ्यात आकडा आणि तो आकडा कुणापुढं ठेवायचा त्याचं नाव. गाऱ्हाणं हा शब्दच बघा ना, ते घालायला समोर कुणीतरी लागतं, देव असो, पंच असो, तहसीलदार असो. किवेला समोर कुणी लागत नाही.

एप्रिल २०१६ ला मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला दहा वॅगनमधून पाच लाख लिटर, देशभरचे कॅमेरे स्टेशनवर. पाणी आलं ते चांगलंच झालं. पण त्या दिवसांत बाहेरचे फोन यायचे, "अरेरे कसं जगता तुम्ही लोक," आणि हळूहळू आम्हीही तशाच आवाजात बोलायला लागलो, मला चांगलं आठवतंय. दुसऱ्यानं आपली कीव केली की ती अंगाला चिकटते. मदत घ्यावी, हक्कानं घ्यावी, पण तिच्याबरोबर येणारा तो आवाज आपल्या तोंडात येऊ द्यायचा नाही.

आता उठायचं कसं. मी जे केलं आणि जे उपयोगी पडलं तेवढंच सांगते.

सगळ्यात आधी येऊ द्या. कीव आली की लगेच "छे, मी असा रडका नाही" म्हणून दाबू नका. मनात नाहीतर तोंडानं म्हणा, मला आत्ता स्वतःची कीव यायलीय. "यायलीय" हेच म्हणा, म्हणजे ती आलेली आहे आणि जाऊ पण शकते.

मग कागद घ्या. अमेरिकेत जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता, विद्यार्थ्यांना लागोपाठ चार दिवस रोज पंधरा मिनिटं आपल्या आयुष्यातल्या सगळ्यात वाईट अनुभवाबद्दल लिहायला लावलं, लिहिताना बरं वाटलं नाही उलट त्रासच झाला, पण पुढच्या महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या चकरा कमी झाल्या. मी घड्याळ लावून चार दिवस लिहिलं. शुद्धलेखन बघायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की इंटरव्ह्यूवाल्यांपेक्षा जास्त राग मला माझा स्वतःचा आलाय, की मी तिथं एक शब्द बोलले नाही, मान हलवून बाहेर आले. दोन वर्षं पाठ केलेल्या गोष्टीत ही ओळ नव्हतीच. बोलताना आपण श्रोत्याला बघून गोष्ट सजवतो, कागदापुढं तसं होत नाही.

मग लाल पेननं च खोडा आणि जे उरेल त्याचे दोन ढीग करा. एक, ज्याचं गाऱ्हाणं कुठंतरी घालता येतं. दोन, ज्याचं घालता येत नाही.

पहिल्या ढिगासाठी अर्ज. मी माहितीच्या अधिकारात त्या मुलाखतीची गुणपत्रिका मागितली, दहा रुपये फी लागते, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं, २००५ चा कायदा आहे. कागद मिळाला. लेखी गुणांत मी वर होते आणि तोंडी गुणांत खाली. नोकरी मिळाली नाही, ते खोटं कशाला सांगू. पण अर्ज पोस्टात टाकायला गेले त्या दिवशी मी दोन वर्षांत पहिल्यांदा ती गोष्ट कुणाला सांगितली नाही, कारण सांगायला दुसरं काहीतरी होतं, अर्ज कसा लिहायचा ते. आता आमच्या तासिकावाल्यांच्या ग्रुपवर कुणी "आपलं कुणी नाही" लिहिलं की मी त्याला अर्जाचा नमुना पाठवते, दोघांनी तो भरला पण.

दुसऱ्या ढिगाचं काय. पाऊस, मरण, गेलेली वर्षं, न झालेलं लग्न, याचं कार्यालय कुठं नसतं. इथं मला आपल्या जुन्या बायकांकडं बघावंसं वाटतं. पहाटे जात्यावर बसायच्या आणि सासुरवास, मेलेला भाऊ, दूरचं माहेर, सगळं ओवीत घालायच्या, गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी अशा एक लाखाहून जास्त ओव्या महाराष्ट्रभर फिरून गोळा केल्यात. त्या दुःख सांगत होत्या पण हात खुंट्याला होता, समोर दुसरी बाई त्याच खुंट्याला धरून होती आणि उजाडायच्या आत पीठ पडत होतं. म्हणून माझं म्हणणं असं की ज्याचं गाऱ्हाणं घालता येत नाही ते सांगा जरूर, पण हात मोकळे ठेवून सांगू नका. शेंगा फोडत सांगा, चालत सांगा, कपडे वाळत घालत सांगा, आणि ज्याला तेच दुःख आहे त्याला सांगा. खाटेवर पडून छताकडं बघत एकटं सांगणं म्हणजे नुसता रवंथ. सुसान नोलेन-होक्सेमा या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये मांडलं होतं की उदास असताना "माझं असं का झालं" हेच डोक्यात घोळवत राहिलं तर उदासी लांबते, आणि त्याला त्यांनी जो इंग्रजी शब्द वापरला, रुमिनेशन, त्याचा मूळ अर्थ रवंथच आहे. बैलाचा चारा त्यानं पचतो, माणसाचं दुःख पचत नाही.

दुसऱ्याबद्दल हा शब्द कसा वापरायचा, तर शक्यतो वापरूच नका. "तू स्वतःची कीव करायलास" हे वाक्य मी आजवर कुणाच्या कामी आलेलं बघितलं नाही, माय पण तसं म्हणली नव्हती, ती फक्त पाठ झालंय म्हणली. हा शब्द "मी" बरोबर चांगला, "तू" बरोबर वाईट. समोरचा बोलत असेल तर एकदा पूर्ण ऐका, म्हणा "लई झालं रे तुझ्यावर", आणि जरा वेळानं विचारा, "मग उद्या काय करायचंय?" उद्या हा शब्द ऐकून जो चिडतो त्याला अजून ऐकून घ्यायची गरज आहे असं समजा. पुरुषांचं जरा वेगळं असतं, आपल्याकडं बाप्या माणूस रडत नाही तर ताट भिरकावतो आणि "या घरात मला किंमतच नाही" म्हणतो, तो राग वाटतो पण आत बघाल तर कीवच असते, आणि पिऊन आलेला असेल तर हमखास. त्याच्याशी त्या वेळी वाद घालू नका, सकाळी बोला, आणि तो हात उगारत असेल तर समजून घेत बसू नका, आधी आपण आणि लेकरं सुरक्षित जागी जा.

आणि एका ठिकाणी हा शब्द पूर्ण बाजूला ठेवायचा. दोन आठवडे झाले, झोप नाही, अन्न गोड लागत नाही, कशात मन नाही, किंवा तोंडातून "मी नसलेलंच बरं" असं निघालं, तर ती सेल्फ-पिटी नाही. तिथं च मोजू नका. तिथं बाजूला जाऊन बसा, एकटं सोडू नका, फवारणीचं औषध घरातून हलवा, आणि १४४१६ ला फोन लावा, टेलिमानस, सरकारी आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचा डॉक्टर असतो, सोबत जा. आपल्या भागात किती घरांत फोटोला हार लागलेत ते तुम्हाला माहीत आहे आणि त्यातल्या कितीजणांना आधी "रडगाणं बंद कर" म्हणून ऐकवलेलं असेल याचा विचार केला तरी मला बोलवत नाही.

हे लिहिता लिहिता मी माझा जुना मेसेज काढून बघितला, मैत्रिणीला पाठवलेला. "दरवर्षीसारखं यंदाही मलाच सगळ्यात शेवटी ऑर्डर, आपल्यामागं कुणीच नाही म्हणून असंच होणार." तीन च आहेत. दुरुस्त केलं तर असं होतं, यंदा बाकी तिघांना ऑर्डर जुलैत मिळाली, मला ऑगस्टमध्ये, प्राचार्यांना कारण विचारायचंय. उद्या पोरांना पहिलं वाक्य फळ्यावर लिहून देणार आहे, कुणाचं ते सांगणार नाही, आणि डस्टर त्या मागच्या बाकावरच्या पोराच्या हातात देणार आहे.